ऐकू येतेयस

तालमीची मधली सुट्टी झाली होती. गज सैल करून मी तो पेटीत ठेवत होते, तेवढ्यात शेजारच्या बाई माझ्याकडे न बघताच, आपल्या व्हायोलिनवर सांडलेली राळेची पूड फडक्याने टिपत, हळूच म्हणाल्या, "ऐकू येतेयस गं." तेवढंच. पुढे ना खुलासा, ना सल्ला. फडक्याची घडी करून त्यांनी ती पेटीत ठेवली आणि पाय मोकळे करायला बाहेर गेल्या. मी मात्र त्यांचे ते शब्द धरून खुर्चीतच बसून राहिले. एरवी कुठल्याही वाजवणाऱ्याला असं सांगितलं तर तो हरखून जाईल. पण आम्ही बसलो होतो वाद्यवृंदातल्या सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे साथीच्या व्हायोलिनच्या, रांगेत, तिसऱ्या स्टँडवर. बारा जणांनी मिळून एकच आवाज काढायचा होता, तोही जेमतेम श्वासाएवढा, कारण वर बासरीला एकटीला गायचं होतं. अशा ठिकाणी एखादी ऐकू येते म्हणजे सगळे दबक्या पावलांनी चाललेले असताना एकीचीच चप्पल फटफटते.

मला लाज वाटली हे खरं. पण लाजेच्या तळाशी कुठेतरी बारीकशी गुदगुली झाली, हेही खरं, आणि त्या गुदगुलीनेच मला पुढचे दोन दिवस छळलं.

कारण चारच दिवसांपूर्वी मी एका रॉक बँडबरोबर उघड्या मैदानावर उभी होते. साउंड चेक चालू होता. ड्रम झाले, बेस झाला, दोन्ही गिटारी झाल्या. माझी पाळी आली तेव्हा लांब मिक्सरपाशी बसलेला मुलगा माझ्या कानातल्या मॉनिटरमधून विचारत होता, "व्हायोलिन, तुम्ही वाजवताय ना? मला काहीच येत नाहीये." मी वाजवत होते. जीव तोडून वाजवत होते. गजाचे दोन केस तुटून टोकाशी लोंबत होते, वाऱ्यावर माझ्याच गालाला लागत होते. म्हणजे एकाच आठवड्यात, त्याच दहा बोटांनी, एका ठिकाणी मी नको तेवढी होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हतेच.

ऐकू न येण्याचाही रियाज असतो. शिकताना सगळी मेहनत उलट दिशेने चाललेली असते. सूर भरीव हवा, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीजवळ गज नीट टेकलेला हवा, डाव्या बोटाची थरथर रुंद हवी, शेवटच्या रांगेत बसलेल्यापर्यंत पोचलं पाहिजे. मग एक दिवस तुम्हाला रांगेत बसवतात आणि हे सगळं अंगावरच्या दागिन्यांसारखं एकेक करून उतरवायला सांगतात. गज घोडीपासून लांब, बोटं ठेवायच्या पट्टीच्या अंगाला सरकवायचा. थरथर कमी. सुरुवात इतरांच्या आधी तर नाहीच, त्यांच्या आवाजात शिरल्यासारखी. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाकडे २४ व्हायोलिनवाल्यांचा ताफा होता, आणि दरबारी संगीतकार लुली सगळ्यांचे गज एकाच दिशेने चालावेत म्हणून कमालीचा काटेकोर असायचा. ती शिस्त आजतागायत आमच्या मानेवर आहे. सुरांच्या डोक्यावर गज खाली की वर याच्या खुणा असतात, आणि रांगेतला एक गज उलटा गेला की वाजलेला सूर बरोबर असला तरी बघणाऱ्याला तो चुकलेलाच वाटतो. एका स्टँडवर दोघी, दोघींत सुरांचा कागद एक. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसणारीचं, म्हणजे माझं. त्यासाठी मला मध्येच वाजवणं सोडावं लागतं. रांगेचा बारावा हिस्सा गप्प होतो आणि सभागृहात कुणाला पत्ताही लागत नाही. याने दिलासा मिळतो की अपमान होतो, हे इतक्या वर्षांत माझं ठरलेलं नाही.

कागदही पुष्कळदा आपले नसतात. प्रकाशकाकडून भाड्याने येतात, एका वाद्यवृंदाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात, आणि प्रत्येक जण जाताना अर्धवट खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा मागे ठेवून जातो. बोटांचे आकडे, गजाच्या दिशा, एखादा उद्गार. यातली सगळ्यात लाडकी खूण म्हणजे चष्मा. दोन गोल, मधे एक कमान. अर्थ एवढाच, की इथे डोळे उघडे ठेव, मान वर कर, समोरचा काहीतरी करणार आहे. भाषा कुठलीही असो, चष्मा सगळ्यांना कळतो.

मी हा चष्मा पहिल्यांदा पाहिला तो नाटकाच्या पिटमध्ये, रंगमंचाच्या पुढ्यातल्या त्या अंधाऱ्या खड्ड्यात. तिथे मी बदली म्हणून गेले होते. मूळ वादक आजारी पडतो, रजेवर जातो किंवा त्याला दुसरीकडे बरी बिदागी मिळते, आणि आपला फोन वाजतो. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये अशा बदलीला 'डेप' म्हणतात, ब्रॉडवेवर 'सब'. नाव काहीही असो, काम तेच. एखादा प्रयोग मूळ वादकाशेजारी बसून बघायचा, कागद घरी नेऊन घोकायचे आणि मग एका रात्री सरळ जाऊन बसायचं. तालीम नाही. पहिला प्रयोग हीच तालीम, आणि समोर भरलेलं सभागृह. त्या कागदावर माझ्या आधीच्या तिघा-चौघांची अक्षरं होती. 'इथे हशा येतो, घाई नको.' 'ही जागा तो रोज लांबवतो.' 'मान वर!' एका पानाच्या कोपऱ्यात नुसतं 'आता नाही' असं लिहिलं होतं. ते कशाबद्दल होतं ते मला शेवटच्या प्रयोगापर्यंत कळलं नाही, पण रोज त्या पानावर आले की मी एक क्षण हात आखडता घ्यायचे.

पिटमधला वादक कुणाला दिसत नाही. जर्मनीतलं बायरॉइथचं नाट्यगृह १८७६ मध्ये उघडलं तेव्हा ऑपेरावाल्या वाग्नरने वाद्यवृंद रंगमंचाखाली ढकलून त्यावर झाकणच घातलं होतं. बाकी ठिकाणी झाकण नसतं एवढंच. आठवड्याला आठ प्रयोग, तेच सूर, त्याच जागी तोच विनोद, फक्त हशा रोज वेगळ्या लांबीचा. हशा लांबला की चार मात्रांचा एक तुकडा फिरवत राहायचा, कंडक्टरचा हात वर जाईपर्यंत. आणि प्रेक्षक ज्याला 'व्हायोलिन्स' म्हणतात ते बऱ्याच नाटकांत मी एकटी आणि शेजारी एक कीबोर्ड असतो. कीबोर्ड गर्दी पुरवतो, मी त्या गर्दीला घासल्याचा खरखरीतपणा देते. माझ्याशिवाय ती प्लास्टिकची वाटते, आणि तिच्याशिवाय मी एकटी पडते.

एका रात्री नायिका ओळ विसरली. तिच्या वाक्याखाली मी एक लांब सूर धरलेला होता, कंडक्टरने पंजा उघडून तो तसाच थांबवला. गजाला केस असतात जेमतेम ६५ सेंटिमीटर. मी गज हळू केला, आणखी हळू केला, शेवटी मुंगीच्या चालीने ओढू लागले. वर शांतता. टोक जवळ आलं. आता गज उलटा फिरवावाच लागणार होता, आणि तोही असा की कुणाला सांधा जाणवू नये. मनगट सैल सोडलं आणि वळवला. तिला ओळ आठवली. लोकांना ती भावनेने थांबली असं वाटलं, कुणीतरी रडलंही म्हणे. प्रयोगानंतर तिला माझं नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण मी घरी गेले ती तरंगतच. त्या सांध्याइतकं चांगलं मी क्वचितच काही वाजवलं असेल, आणि चांगलं एवढ्यासाठीच की तो कुणालाच ऐकू आला नाही.

मग रॉकमध्ये कशाला मरायला जातेस, असं कुणी विचारेल. एक तर तारखा. मोकळ्या वादकाची डायरी ही भुकेली असते, आणि आलेल्या फोनला एकदा नाही म्हटलं की तो पुढच्या वेळी दुसऱ्याला जातो, ही भीती कितीही कामं केली तरी सुटत नाही. पण नुसत्या तारखा नाहीत. तिथला आवाज पोटात शिरतो. पहिल्यांदा बँडमध्ये उभी राहिले तेव्हा बेसच्या ठोक्याने माझ्या हनुवटीखालचं लाकूड आपणहून थरथरत होतं, मी गज लावण्याच्या आधीच. व्हायोलिनसारखं वाद्य, पातळ फळ्या सरसाने चिकटवलेल्या. सरस मुद्दाम कच्चा ठेवतात, ताण आला तर सांधा उकलावा, लाकूड चिरू नये म्हणून. ती पेटी त्या आवाजात धरून उभं राहणं म्हणजे वादळात कागदाची होडी.

घोडीला पिकअप, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणारा तुकडा, लावला की वाद्य वेगळंच काहीतरी बोलू लागतं. जे लाकडातून मऊ येतं तेच तारेतून नाकात आणि चिरकं येतं. गज घासल्याची खसखस, बोट सरकल्याचा आवाज, एरवी सभागृहाची हवा जे पोटात घालते ते सगळं उघडं पडतं. माझी पहिली चूक तीच, जी सगळे करतात. ऐकू येत नाही म्हणून दाबून वाजवायचं. दाबलं की सूर घुसमटतो, नुसती खरखर वाढते. त्या मिक्सरवरच्या मुलाने, वयाने माझ्या निम्माच असेल, मला मैदानावर बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही आणि गिटार एकाच खोलीत राहताय. जोर लावून नाही भागणार. वरच्या मजल्यावर जा, नाहीतर तो बाहेर जाईल तेव्हा बोला." मी एक सप्तक वर गेले, आणि जिथे गिटारवाला श्वास घेत होता तिथेच चार सूर टाकले. लगेच त्याचा अंगठा वर. दहा वर्षं शिक्षकांनी ज्या भाषेत सांगितलं नाही त्या भाषेत हे कळलं.

याच्या उलटही घडलेलं आहे. १९६६ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यासाठी लंडनला आठ तंतुवादक बोलावले होते, चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. ध्वनिमुद्रकाने माइक वाद्यांच्या अगदी अंगावर आणून ठेवले, आणि ही कसलेली माणसं अस्वस्थ होऊन खुर्च्या मागे सरकवू लागली. मला ती मागे सरकणारी खुर्ची अगदी नीट समजते. आयुष्यभर दहा फुटांवरून ऐकू येण्याची सवय, आणि अचानक कुणीतरी तोंडाशी कान लावतं. त्यात आपला खरा आवाज ऐकू येणार, हीच तर भीती.

सुराचंही आठवड्याला घर बदलतं. १९३९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत पांढरी सहाची आंदोलनं सेकंदाला ४४० ठरली, पण कित्येक वाद्यवृंद ४४२ वर सूर लावतात, आवाज उजळ लागतो म्हणून. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं संगीत, वाजवणारे ४१५ वर उतरतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. रॉकवाल्यांचं निराळंच, त्यांच्या गिटारी पुष्कळदा अर्धा सूर उतरवलेल्या असतात, गायकाच्या गळ्यासाठी नाहीतर जाड आवाजासाठी. गिटारवाला मजेत पांढरी तीनचा आकार पकडतो, वाजते काळी दोन, आणि माझ्या मोकळ्या तारा त्या पट्टीत फारशा कामाला येत नाहीत. अशा आठवड्यात रात्री आडवी पडले की कानात सगळे सा एकमेकांना धक्के देत असतात.

कपडे मात्र सगळीकडे काळेच. वाद्यवृंदाचे काळे म्हणजे इस्त्रीचे, मनगटापर्यंत. पिटचे काळे म्हणजे अंधारात विरघळणारे. रॉकचे काळे म्हणजे मुद्दाम दिसणारे. कपाटाचा एक अख्खा खण आहे, पाहुण्यांना वाटतं घरात कुणीतरी गेलंय.

लोकसंगीतवाल्यांकडे मी रंगीत कपड्यात जाते. तिथे कागद नाही, माइक नाही, कंडक्टर नाही. गोलात बसायचं आणि पकडायचं. आठ आवर्तनांचे तुकडे, दोनदा हा, दोनदा तो, मग पुन्हा पहिल्यापासून, नाचणाऱ्यांचे पाय थकेपर्यंत. वाद्य तेच, पण तिथे त्याला फिडल म्हणतात आणि काही जण ते हनुवटीखाली न धरता छातीशीच टेकवतात. पहिल्या रात्री मी सगळे सूर लावले, एकही चुकले नाही. गोलातल्या म्हाताऱ्या फिडलवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, धुऊन इस्त्री केल्यासारखं वाजवतेस." मग त्याने माझ्या बुटावर आपला बूट ठेवला आणि ठोका द्यायला सुरुवात केली. हातावर नाही, पायावर. ती रात्र मी निम्मे सूर सोडून दिले, फक्त गजाचा झोका ठेवला, दोन तारांवर एकदम. आणि समोरच्या जोड्या उचलल्या गेल्या. त्यांना मी ऐकू येत होते का? मला नाही वाटत. नाचणारा व्हायोलिन कानाने ऐकत नाही, थांबलं तर मात्र त्याच्या घोट्याला कळतं.

त्याच म्हाताऱ्याने एकदा मला नॉर्वेचं हार्डांगर फिडल हातात दिलं. कडेने शिंपल्याची नक्षी, आणि वाजवायच्या चार तारांखालून आणखी चार-पाच तारा गेलेल्या. त्यांना गज कधीच लागत नाही. सतारीच्या तरफा असतात तशा, वर सूर लागला की त्या आपसूक झंकारतात. मी वरची एक तार छेडून हाताने धरून बंद केली. खालून ती अजून गात होती, कुणी हात न लावलेली. मी चार-पाचदा तेच करत राहिले, लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसं.

बाईंच्या त्या शब्दांनंतरच्या दोन दिवसांत मला तो झंकार वारंवार आठवत होता. घरी मी ती जागा काढली. सोळा मात्रा, गजाच्या टोकाशी बारीक थरथर. तीन आठवडे मैदानावर वाजवल्याने माझ्या मनगटात रॉक मुरला होता, हे उघड होतं. गज आपणहून घोडीकडे धावायचा, जसा ओळखीच्या गल्लीकडे पाय वळतो. मी तो मागे ओढायचे, तो पुन्हा जायचा. शेवटी फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं. सूर स्वच्छ होता, सुंदरही होता. बाराजणांत तो कसा दिसत असेल ते मला फोनवर कळणं शक्य नव्हतं. एकटीने सराव करून नाहीसं होता येत नाही, नाहीसं व्हायला आजूबाजूला माणसं लागतात.

कार्यक्रमाच्या रात्री ओबोने सूर दिला, आम्ही लावला. बाई नेहमीसारख्या ताठ. पहिला भाग गेला. ती जागा जवळ आली तेव्हा माझं लक्ष कागदाकडे गेलं. आमच्या ओळीवर, परवापर्यंत नव्हता असा, पेन्सिलीचा छोटा चष्मा होता. बाईंचाच, त्यांच्या चष्म्याची कमान जरा डावीकडे झुकते. बासरी सुरू झाली. मी गज केसाच्या टोकाशी आणला, पट्टीवर नेला, आणि एवढा कमी दाब ठेवला की तार गजाला लागतेय की नाही हे बोटांनाही सांगता येत नव्हतं. माझा आवाज मी शोधू लागले. डावा कान वाद्याला लागून असतो, तिथे तरी मी सापडायला हवी होते. सापडले नाही. सगळीकडून एकच धूसर सूर येत होता, माझ्या हनुवटीखालूनही तोच. क्षणभर वाटलं, मी थांबले तरी तो असाच चालू राहील. थांबून बघावं असा मोहही झाला. नाही थांबले. सोळा मात्रा संपल्या, मी पान उलटलं.

टाळ्या झाल्या, लोक गेले, खुर्च्यांवर कागद राहिले. भाड्याचे कागद परत करण्याआधी खुणा खोडून द्याव्या लागतात. बाईंनी पेटीतून खोडरबर काढला, त्यांच्या बाजूची पानं भराभर साफ केली आणि त्या पानाशी आल्यावर थांबल्या.

"इथे वाजवत होतीस ना?"

"हो."

"मला वाटलं, नव्हतीस."

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी विचारणार होते, पण त्यांनी खोडरबर माझ्या हातात ठेवला आणि गजाच्या केसांवरची राळ झटकू लागल्या.